चौकोनाची सममिती

चौकोनाची सममिती : ज्या सरळ रेषेवर आकृती दुमडली असता तिचा एक भाग दुसऱ्या भागावर तंतोतंत बसतो, त्या रेषेस त्या आकृतीची सममिती रेषा किंवा सममिती अक्ष असे म्हणतात. चौरसाला अशा चार रेषा असतात. आयताला व समभुज चौकोनाला प्रत्येकी दोन. समद्विभुज समलंब चौकोनाला आणि पतंगाकृती चौकोनाला प्रत्येकी एक. सर्वसाधारण समांतरभुज चौकोनाला एकही सममिती रेषा नसते. ही सर्व माहिती आज शालेय पुस्तकातील एका लहान कोष्टकात मावते. तथापि चौकोनांची अशी मांडणी करण्याची कल्पना फार जुनी नाही. सममिती रेषेचा हातांनी उपयोग करणारे लोक इसवी सनापूर्वी कित्येक शतके होऊन गेले. तिच्यावरून चौकोनांचे प्रकार पाडता येतात हे मात्र एकोणिसाव्या शतकानंतरच स्पष्ट झाले. या दोहोंमधील अंतर हा भूमितीच्या इतिहासातील एक बोधप्रद भाग आहे.

आयताचा कर्ण ही त्याची सममिती रेषा असते, असा समज विद्यार्थ्यांत फार रूढ आहे व तो निष्कारण नाही. कर्णामुळे आयताचे दोन एकरूप त्रिकोण होतात, त्यांची क्षेत्रफळे समान असतात आणि प्रत्येक बाजूला व कोनाला दुसऱ्या त्रिकोणात जोड सापडतो. पण ६ व ८ एकक बाजूंचा कागदी आयत कर्णावर दुमडून पाहिल्यास कोपरा कोपऱ्यावर येत नाही. दोन्ही भाग जेथे एकमेकांवर येतात तो १० एकक पायाचा व ६·२५ एकक समान बाजूंचा त्रिकोण असतो. त्याचे क्षेत्रफळ १८·७५ भरते. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ २४ असल्यामुळे दोन्हीकडे ५·२५ क्षेत्रफळाचा एकेक काटकोन त्रिकोण उघडा राहतो. कर्णाने झालेले दोन भाग एकमेकांवर बसतात ते दुमडल्याने नव्हे, तर एक भाग आयताच्या मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरविल्याने. समान असणे व आरशातील प्रतिमेप्रमाणे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘सममिती’ या शब्दात केवळ ‘समान माप’ एवढाच अर्थ दिसतो, त्यामुळे या घोटाळ्याला शब्दाचीही थोडी मदत होते असे म्हटल्यास चूक होणार नाही.

सममिती रेषा चौकोनातून कोणत्या प्रकारे जाऊ शकते, याचे उत्तर अगदी थोड्या विचाराने मिळते. दुमडताना चौकोनाचे चार शिरोबिंदू एकतर आपल्या जागी राहतात किंवा जोडीजोडीने अदलाबदल करतात. जागी राहणारे शिरोबिंदू रेषेवरच असले पाहिजेत. ते एक किंवा तीन असू शकत नाहीत, कारण मग उरलेल्यांची जोडी जमत नाही. चारही असू शकत नाहीत, कारण ते एका रेषेत येतील. म्हणून रेषा दोन शिरोबिंदूंतून तरी जाते किंवा एकाही शिरोबिंदूतून जात नाही. पहिल्या प्रकारात ती चौकोनाचा कर्ण असते (अंतर्वक्र पतंगात तो कर्ण वाढवावा लागतो) आणि आकृती पतंग होते. दुसऱ्या प्रकारात ती दोन समोरासमोरील बाजूंचे लंबदुभाजन करते आणि आकृती समद्विभुज समलंब चौकोन किंवा आयत होते. पहिल्या कुळातील रेषा दोन वेळा आली की समभुज चौकोन, दुसऱ्या कुळातील दोन वेळा आली की आयत आणि दोन्ही कुळे एकत्र आली की चौरस. नेमक्या तीन सममिती रेषा असणारा चौकोन असूच शकत नाही, कारण तीन रेषांबरोबर १२० अंशांचे परिवलन येते, त्यात शिरोबिंदू तीन-तीनांच्या गटाने फिरतात व चौथ्याला जागा उरत नाही.

शुल्बसूत्रांतील प्राची : ही दोन्ही कुळे ज्या वाङ्मयात प्रथम शेजारीशेजारी आढळतात ते शुल्बसूत्रांचे होय. बौधायन, आपस्तंब, मानव व कात्यायन यांची शुल्बसूत्रे स्थूलमानाने इ. स. पू. ८०० ते २०० या काळात रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी व अग्नींची चिती जमिनीवर दोरी आणि खुंट्या यांच्या साहाय्याने कशा आखाव्यात, हा त्यांचा विषय. येथे कागद नाही, कोनमापक नाही आणि उभी बाजू, आडवी बाजू असा भेदही पानाच्या कडेवरून ठरत नाही. पहिले काम म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा, प्राची, निश्चित करणे.

कात्यायनाने दिलेली रीत अशी : सपाट जमिनीवर शंकू रोवून त्याच्याच लांबीच्या दोरीने त्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी शंकूच्या सावलीचे टोक पश्चिमेकडून वर्तुळावर ज्या ठिकाणी येईल तेथे आणि दुपारनंतर ते पूर्वेकडे ज्या ठिकाणी येईल तेथे खुंटी ठोकावी. त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेषा ती प्राची. (दिवसभरात सूर्याच्या क्रांतीत पडणाऱ्या फरकामुळे या रेषेत अल्प चूक राहते, ती दुरुस्त करण्याची रीत पुढे ज्योतिर्गणितकारांनी दिली.) नंतर खुंट्यांमधील अंतरापेक्षा लांब दोरी घेऊन तिच्या दोन टोकांचे फासे खुंट्यांत अडकवावेत, मधल्या खुणेला धरून ती दक्षिणेकडे ताणावी व खुंटी ठोकावी, तसेच उत्तरेकडे करावे. या दोन खुंट्यांमधून जाणारी रेषा म्हणजे दक्षिणोत्तर रेषा, उदीची. या दोन्ही कृती सममितीवरच उभ्या आहेत. सकाळ व दुपार यांच्या सावल्या मध्याह्नरेषेच्या दोन बाजूंना सारख्या पडतात, आणि दोरीची मधली खूण दोन्ही टोकांपासून सारखीच दूर राहते. काटकोन मोजला जात नाही; डावे-उजवे सारखे केल्याने तो आपोआप निर्माण होतो.

सोमयागातील महावेदी हे या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. तिची मापे शुल्बसूत्रांहून जुनी असून ती शतपथ ब्राह्मणात आलेली आहेत. पश्चिमेची बाजू ३० पदे, पूर्वेची २४ पदे व त्यांच्यामधील प्राची ३६ पदे. म्हणजे वेदी समद्विभुज समलंब चौकोनाच्या आकाराची. मोजणीची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे : पश्चिम टोकापासून उजवीकडे १५ व डावीकडे १५, पूर्व टोकापासून उजवीकडे १२ व डावीकडे १२. पूर्वेच्या कोपऱ्यांना अंस, म्हणजे खांदे, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यांना श्रोणी, म्हणजे नितंब, अशी नावे आहेत. मधल्या रेषेला पृष्ठ्या हे नाव आहे, ते पाठीवरून पडलेले. चौकोनाला बाजू आहेत म्हणून अक्ष काढला असा हा क्रम नाही. आधी कणा, मग त्याच्या दोन अंगांना देह, असा तो क्रम आहे.

आपस्तंबाची एक रीत ५४ पदे लांबीच्या दोरीची आहे. ३६ पदांच्या प्राचीच्या दोन टोकांना दोरीचे फासे अडकवून पश्चिम टोकापासून १५ पदांवरील खूण दक्षिणेकडे ताणली, की दोरीचे दोन भाग १५ व ३९ होतात. १५, ३६ व ३९ यांचा त्रिकोण काटकोन असल्याने खूण श्रोणीच्या जागी येते. तीच खूण उत्तरेकडे ताणली की दुसरी श्रोणी मिळते. फाशांची अदलाबदल करून तीच क्रिया पूर्व टोकाशी केली व १२ पदांवर खुंट्या ठोकल्या, की दोन्ही अंस मिळतात. एका त्रिकोणाला प्राचीवर चार वेळा चार बाजूंनी ठेवल्यासारखी ही युक्ती आहे.

वेदीचे क्षेत्रफळ हजाराला २८ कमी, म्हणजे ९७२ चौरस पदे, असे सांगून आपस्तंब त्याची उपपत्तीही देतो, आणि प्राचीन भूमितीत ही गोष्ट विरळ आहे. दक्षिणेच्या अंसापासून दक्षिण श्रोणीकडे, प्राचीपासून १२ पदांच्या अंतरावर, सरळ रेषा आणावी. तिच्या बाहेर उरलेला ३ पदे रुंद व ३६ पदे लांब असा त्रिकोण कापून, उलटा करून, उत्तरेच्या बाजूस ठेवावा. म्हणजे २७ व ३६ पदे बाजूंचा आयत होतो व त्याचे क्षेत्रफळ ९७२ येते. येथे ‘उलटा करून’ हा शब्द अनवधानाने आलेला नाही. हा त्रिकोण जमिनीवर कितीही सरकविला वा फिरविला तरी उत्तरेच्या रिकाम्या जागेत बसत नाही. तो पालथाच घालावा लागतो. चौरसापासून एका बाजूस निमुळता चौकोन करण्याच्या बौधायनाच्या रीतीतही हेच आढळते. चौरसातून हवी तेवढी रुंदी ठेवून उरलेली आयताकार पट्टी कर्णाने कापावयाची व तिचा एक भाग उलटा करून दुसऱ्या अंगाला जोडावयाचा. पट्टीचे दोन भाग एकरूप आहेत, पण कर्णाच्या दोन बाजूंना ते आरशातील प्रतिमा नाहीत. प्राचीच्या दोन बाजूंना त्यांना प्रतिमा करावयाचे असेल, तर एक पालथा केलाच पाहिजे. कागदी आयत दुमडताना आज विद्यार्थ्याला जी अडचण येते, तीच येथे कृतीच्या एका शब्दात सोडविलेली आहे.

बौधायनाच्या प्रारंभीच्या आकृत्या पाहिल्या तर सम चतुरस्र (चौरस), दीर्घचतुरस्र (आयत), एकतोऽणिमत् (एका बाजूस निमुळता, म्हणजे समद्विभुज समलंब चौकोन), प्रउग (गाडीच्या पुढील भागासारखा समद्विभुज त्रिकोण) आणि उभयतःप्रउग (दोन्हीकडे प्रउग, म्हणजे समभुज चौकोन) असे प्रकार मिळतात. यांतील प्रत्येक आकृती प्राचीभोवती सममित आहे. उभयतःप्रउग करण्याची कृती तर या सर्व विषयाचे मर्म सांगणारी आहे : इष्ट चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा आयत घ्यावा व त्याच्या चार बाजूंचे मध्य क्रमाने जोडावेत. आयताच्या बाजूंच्या मध्यांतून जाणाऱ्या ज्या दोन सममिती रेषा, त्याच या नव्या आकृतीच्या शिरोबिंदूंतून जातात. रेषा त्याच राहतात आणि चौकोन एका कुळातून दुसऱ्या कुळात जातो.

यावरून शुल्बसूत्रकारांना सममितीचा सिद्धांत अवगत होता असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्यांच्यापाशी या गुणधर्मासाठी स्वतंत्र संज्ञा नाही, आणि कोणत्या आकृतीला किती अक्ष असतात हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. वरील मूळ आकृत्यांत सर्वसाधारण समांतरभुज चौकोन नाही, तो सममितीअभावी वगळला म्हणून नव्हे, तर प्राचीच्या दोन अंगांना सारखे मोजण्याच्या रीतीतून तो उद्भवतच नाही म्हणून. श्येनचितीसारख्या पक्ष्याच्या आकाराच्या रचनेत (पाच थर व प्रत्येक थरात २०० विटा) पंखांसाठी तिरप्या बाजूंच्या विटा लागतात. पण तेथेही एका पंखाला दुसरा जोड असतो व सबंध पक्षी प्राचीभोवती तोललेला राहतो.

ग्रीक वर्गीकरण : यूक्लिड (सु. इ. स. पू. ३००) यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या पहिल्या भागात चौकोनांचे पाच प्रकार सांगितले आहेत : चौरस, काटकोनी पण असमान बाजूंचा आयत, समान बाजूंचा पण काटकोन नसलेला समभुज चौकोन, समोरासमोरील बाजू व कोन समान असलेला पण वरील कोणताही नसलेला चौकोन, आणि बाकीचे सर्व. हे वर्गीकरण बाजू व कोन यांवर आधारलेले असून परस्परवर्जक आहे. त्यानुसार चौरस हा आयत नव्हे. समद्विभुज समलंब चौकोन व पतंग यांना त्यात नाव नाही, ते ‘बाकीच्यां’त जातात. प्रॉक्लस (४१२–४८५) यांनी पोसिडोनिअस यांचे अधिक विस्तृत वर्गीकरण नोंदविले आहे व त्यात समद्विभुज समलंब चौकोनाला वेगळे स्थान आहे, परंतु त्याचाही निकष बाजूच आहेत. आश्चर्य असे की, समांतरभुज चौकोनाचा कर्ण त्याचे दोन समान भाग करतो हे यूक्लिड यांनी सिद्ध केले; हे भाग कोणत्या हालचालीने एकमेकांवर येतात, हा प्रश्न मात्र त्यांच्या भूमितीत उपस्थित होत नाही. आकृती उचलून दुसरीवर ठेवण्याची युक्ती ते अगदी मोजक्या ठिकाणी, आणि काहीशा अनिच्छेने, वापरतात. ज्या ग्रीक शब्दापासून यूरोपीय भाषांतील ‘सिमेट्री’ आला, त्याचा अर्थही त्यांच्या ग्रंथात निराळा आहे : एकाच मापाने मोजता येणाऱ्या राशींना तो लावला जातो. चौरसाची बाजू व कर्ण या अर्थाने ‘सिमेट्रिक’ नाहीत.

यूक्लिड यांची ही परंपरा अरबी भाषेतून पुन्हा भारतात आली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंह यांच्या आश्रयाने सम्राट जगन्नाथ यांनी रेखागणित या नावाने तिचे संस्कृत भाषांतर केले. ते मुंबईत १९०१-०२ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. तोपर्यंत इंग्रजी शिक्षणाच्या द्वारे तेच वर्गीकरण येथील शाळांत पोहोचलेले होते.

ब्रह्मगुप्त ते भास्कराचार्य : दरम्यानच्या काळात भारतीय गणित वेदीपासून दूर जाऊन क्षेत्रगणिताकडे वळले होते. ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) चारही बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याचे प्रसिद्ध सूत्र दिले : बाजूंच्या निम्म्या बेरजेतून प्रत्येक बाजू वजा करून येणाऱ्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. हे सूत्र चक्रीय चौकोनालाच, म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर आहेत अशा चौकोनालाच, बरोबर लागू पडते. ती अट मात्र त्यांनी शब्दांत सांगितलेली नाही. त्यांच्या परंपरेतील चौकोनांचे प्रकार सम, आयत, द्विसम, त्रिसम व विषम असे आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रहात (सु. इ. स. ८५०) हेच पाच प्रकार दिले असून आयताला ते द्विद्विसम म्हणतात. यांतील पहिले चारही दुसऱ्या कुळातील आहेत, म्हणजे त्यांची सममिती रेषा समोरासमोरील बाजूंना दुभागते. समभुज चौकोनाला येथे जागा नाही. हे सयुक्तिकही आहे, कारण चौरस सोडून कोणताही समभुज चौकोन वर्तुळात बसत नाही. समद्विभुज समलंब चौकोन व आयत मात्र नेहमीच बसतात. न सांगितलेल्या अटीचा मागमूस आकृत्यांच्या निवडीत असा राहून गेला आहे.

पाचवा, विषम, प्रकार मुळीच सममित नाही, आणि ब्रह्मगुप्त यांची प्रतिभा तेथेच विशेष दिसते. दोन काटकोन त्रिकोणांपासून ते असा चौकोन तयार करतात. ३, ४, ५ व ५, १२, १३ या त्रिकोणांपासून २५, ३९, ६० व ५२ बाजूंचा चौकोन मिळतो. त्याचे कर्ण ५६ व ६३ असून ते एकमेकांना लंब असतात व क्षेत्रफळ १,७६४ भरते. वरील सूत्रानेही हीच संख्या येते. बाजू, कर्ण व क्षेत्रफळ सर्व पूर्णांकांत असणारी, तरीही एकही अक्ष नसलेली ही आकृती सुबक आहे. सुबकपणा आणि सममिती यांची गल्लत करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी लीलावती या ग्रंथात (११५०) हाच चौकोन घेतला आहे, पण त्यांचा रोख वेगळा आहे. चार बाजू दिल्या म्हणून चौकोन निश्चित होत नाही. कोपरे आत-बाहेर सरकले की कर्ण बदलतात व क्षेत्रफळही बदलते. म्हणून लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच होय, आणि जो त्याला उत्तर देतो तो त्याहून मोठा, असा कडक शेरा त्यांनी मारला आहे. त्यांचे समभुज चौकोनाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बाजू २५ असताना एक कर्ण ३० घेतला तर दुसरा ४० व क्षेत्रफळ ६०० येते; एक कर्ण १४ घेतला तर दुसरा ४८ व क्षेत्रफळ ३३६; दोन्ही कर्ण समान घेतले तर तोच चौकोन चौरस होतो व क्षेत्रफळ ६२५. बाजू एकच, चौकोन अनेक. समभुज चौकोनात कर्ण हेच सममिती अक्ष असल्याने ते एकमेकांना काटकोनात दुभागतात व क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मे होते. आयताला हे लागू नाही. कर्णाचे कार्य दोन कुळांत भिन्न आहे हे भास्कराचार्यांच्या उदाहरणांतून स्पष्ट दिसते, जरी त्यांनी ते सममितीच्या परिभाषेत मांडलेले नाही. ज्या ब्रह्मगुप्त यांचा ते गुरुस्थानी आदर करतात त्यांच्या सूत्रामागील न बोललेली अट त्यांना खटकली, पण ती अट वर्तुळाची आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. आपल्या गणिताच्या इतिहासातील ही एक हुरहूर लावणारी जागा आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. यादव राजा सिंघण याच्या काळातील, इ. स. १२०७ च्या सुमाराचा, तेथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. पुढे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका (१५४५) लिहिली व सूत्रांना उपपत्ती पुरविल्या. चौकोनांचे अध्ययन महाराष्ट्रात कित्येक पिढ्या या मार्गाने चालू राहिले.

संकल्पनेचा उदय : आधुनिक अर्थाने ‘सिमेट्री’ हा शब्द भूमितीत रुळविण्याचे श्रेय बहुतांशी आद्रीअँ मारी लझांद्र यांना दिले जाते. भूमितीची मूलतत्त्वे या त्यांच्या ग्रंथात (१७९४) त्यांनी ज्यांचे सर्व भाग समान आहेत, पण जे एकमेकांवर ठेवता येत नाहीत, अशा घनाकृतींना सममित म्हटले. उजवा व डावा हात हे त्याचे नेहमीचे उदाहरण. प्रतलातील आकृती पालथी घालता येते, म्हणून तेथे ही अडचण सहज झाकली जाते. अवकाशातील आकृती पालथी घालण्यास जागाच नसते, म्हणून ती तेथे उघड झाली. शब्दाचा अर्थ ‘समान माप’ येथून ‘उलट पण समान’ येथे सरकला तो असा.

यानंतरचा मोठा पालट गट सिद्धांतामुळे झाला. एव्हारीस्त गाल्वा (१८११–३२) यांनी समीकरणांच्या मुळांच्या अदलाबदलींचा विचार करताना गटाची कल्पना मांडली व आर्थर केली यांनी १८५४ मध्ये तिला अमूर्त रूप दिले. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये एर्लांगेन येथे मांडलेल्या कार्यक्रमात भूमिती म्हणजे रूपांतरणांच्या गटाखाली जे अविकारी राहते त्याचा अभ्यास, अशी भूमिका घेतली. या दृष्टीने चौकोनाविषयीचा मूळ प्रश्नच बदलतो. त्याच्या बाजू कशा आहेत असे न विचारता, कोणत्या हालचालींनंतर तो होता तसाच दिसतो, असे विचारावयाचे. आयताच्या अशा हालचाली चार : काहीही न करणे, दोन परावर्तने व अर्धा फेरा. यांतील कोणतीही हालचाल दोनदा केली की आयत पूर्ववत होतो, आणि काहीही न करणे वगळता कोणत्याही दोन वेगळ्या हालचाली लागोपाठ केल्या की तिसरी मिळते. या चार घटकांच्या गटाला क्लाइन यांनी १८८४ मध्ये ‘चतुर्गट’ असे नाव दिले व तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. समभुज चौकोनाचा गटही हाच आहे. चौरसाच्या हालचाली आठ. पतंग व समद्विभुज समलंब चौकोन यांच्या प्रत्येकी दोन. समांतरभुज चौकोनाच्याही दोनच, पण त्यांतील दुसरी परावर्तन नसून अर्धा फेरा आहे. त्याला एकही सममिती रेषा नाही, तरी तो असममित नाही, ही गोष्ट रेषांच्या मोजणीत लपून राहते.

यूक्लिड यांच्या परस्परवर्जक व्याख्यांचा आग्रहही यामुळे सैल झाला. दोन समोरासमोरील बाजूंना दुभागणारे दोन अक्ष ज्याला आहेत तो आयत, असे म्हटले की चौरस आपोआप आयतांत मोडतो, कारण त्याला ते दोन अक्ष आहेतच, शिवाय आणखी दोन आहेत.

अक्षांच्या या अभ्यासाला शाळेत सोपे साधन मिळाले ते कागदाच्या घड्यांचे. मद्रास येथे १८९३ मध्ये टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे एक छोटे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा प्रारंभ आयताकार कागदापासून चौरस मिळविण्याच्या कृतीने होतो. क्लाइन यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख केला, त्यामुळे ते परदेशी गणितज्ञांच्या नजरेस आले आणि शिकागो येथे १९०१ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. चतुर्गटाला नाव देणाऱ्या गणितज्ञाला हाताने केलेल्या घडीचे महत्त्व वाटावे, हे स्वाभाविकच होते.

चौकोनांच्या दोन कुळांचे सर्वांत व्यापक रूप स्फटिकविज्ञानात दिसते. समान अंतरांनी सर्व दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या बिंदूंच्या रचनेला जालक म्हणतात. ओग्यूस्त ब्राव्हे यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार प्रतलात सममितीच्या दृष्टीने जालकांचे पाचच प्रकार संभवतात : तिरपे, आयताकार, केंद्रबिंदूयुक्त आयताकार, चौरस व षट्कोनी. तिरप्या जालकाचा एकक म्हणजे समांतरभुज चौकोन, ज्याला अक्ष नाही. उरलेल्यांपैकी आयताकार जालकात अक्ष एककाच्या बाजूंना समांतर असतात. केंद्रबिंदूयुक्त जालकाचा मूळ एकक समभुज चौकोन असून अक्ष त्याच्या कर्णांच्या दिशेने जातात. हे शेवटचे जालक दोन प्रकारे रेखाटता येते : समभुज चौकोनांनी, किंवा ज्यांच्या मध्यभागी आणखी एक बिंदू आहे अशा आयतांनी. दोन्ही चित्रांत बिंदू तेच असतात व अक्षही तेच. आयताच्या बाजूंचे मध्य जोडून उभयतःप्रउग आखताना प्राची व उदीची यांच्याबाबतीत जे घडते, तेच येथे घडते.